वारसा कुणाचा ठरतो? जतनाच्या संशोधनातले निकष, नकाशे आणि न्याय

एखाद्या इमारतीवर ‘वारसास्थळ’ अशी पाटी लागते, त्याच्या कितीतरी आधी तिची एक फाइल तयार झालेली असते. इमारत केव्हा बांधली, कुणी बांधली, कशाची बांधली, नंतर काय काय बदललं आणि मुख्य म्हणजे ती जपण्याजोगी का आहे, याचं लेखी उत्तर त्या फाइलमध्ये असतं. ‘का’चं उत्तर देणाऱ्या भागाला महत्त्वाचं निवेदन म्हणतात. ते दोन-चार पानांचंच असतं, पण अनुदान, करसवलत आणि पाडकामाला हरकत घेण्याचा आधार हे सगळं त्या पानांवर उभं राहतं. ती पानं कोण लिहितो, कुठले पुरावे धरतो आणि कुठले सोडतो, यावर कुणाचा भूतकाळ सार्वजनिक ठरणार हे ठरतं.

वरवर हे काम तांत्रिक दिसतं. मोजमापं घ्यायची, कागद शोधायचे, रंगाचे थर तपासायचे. पण यातल्या काही कसोट्या अशा आहेत, की ज्यांच्यावर आधी अन्याय झाला त्यांच्याच जागा त्यांत नापास होतात. कुणी मुद्दाम नापास करत नाही, कसोटी तशी बेतलेली आहे. म्हणून वारसा संशोधनात सामाजिक न्यायाचा विचार प्रस्तावनेत एखादं वाक्य घालून भागत नाही. निकष, पुरावे, संमती आणि नोंदणीनंतरचं भाडं या चार ठिकाणी तो करावा लागतो.

कसोटी नेमकी काय असते

अमेरिकेतली पद्धत समजून घेणं सोयीचं आहे, कारण तिथले निकष अगदी लेखी आणि काटेकोर आहेत. १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याने तिथे एक राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. तिच्यात आज ९० हजारांहून जास्त नोंदी आहेत. नोंद व्हायची तर जागा चारपैकी एका तरी कारणाने महत्त्वाची असावी लागते: मोठ्या घडामोडीशी संबंध, महत्त्वाच्या व्यक्तीशी संबंध, रचना किंवा कारागिरी, आणि जमिनीखालून वा वास्तूतून नवी माहिती मिळण्याची शक्यता. साधारणपणे जागा ५० वर्षांपेक्षा जुनी हवी.

एवढ्यावर भागत नाही. दुसरी अट अशी, की ते महत्त्व आजही दिसायला हवं, म्हणजे जागेचं मूळपण शाबूत हवं. हे मूळपण सात बाबींवर तपासतात: ठिकाण, आराखडा, परिसर, साहित्य, कारागिरी, त्या काळाची जाणीव आणि त्या घटनेशी असलेला थेट दुवा. सातही पूर्ण हव्यात असं नाही, पण बऱ्याचशा हव्यात.

याशिवाय काही प्रकारच्या जागा ‘सहसा पात्र नाहीत’ असं नियमातच म्हटलं आहे. धार्मिक संस्थांच्या मालकीच्या वास्तू, दफनभूमी, मूळ जागेवरून हलवलेल्या इमारती, पुन्हा बांधलेल्या इमारती या त्यांपैकी. त्यांना नोंद मिळू शकते, पण जादा सिद्ध करावं लागतं. हा नियम पहिल्यांदा वाचताना त्यात काही खटकत नाही. पण ज्या लोकांना जमीन घ्यायला, दुकान टाकायला, सभागृह बांधायला कायद्याने वा दहशतीने मज्जाव होता, त्यांच्याकडे सामूहिक मालकीचं काय उरायचं? बहुतेकदा एक प्रार्थनाघर आणि एक दफनभूमी. शाळा तिथेच भरायची, सभा तिथेच व्हायची, वर्गणी तिथेच गोळा व्हायची. म्हणजे त्या समाजाच्या सगळ्या सार्वजनिक आयुष्याचा जो एकमेव पुरावा, तोच ‘सहसा अपात्र’ या रांगेत जाऊन बसतो. अशा ठिकाणी संशोधकाने निवेदन लिहिताना जागेचं धार्मिक महत्त्व बाजूला ठेवावं आणि तिथे भरलेली शाळा, चाललेली मतदारनोंदणी, जमलेली मदत यांचे तारखांसह पुरावे पुढे आणावेत. नियमाने जादा मागितलेलं सिद्ध होतं ते यातूनच.

खिडक्या बुजवलेली शाळा

मूळपणाची कसोटी प्रत्यक्षात कशी काम करते, ते रोझेनवाल्ड शाळांमध्ये फार स्पष्ट दिसतं. १९१२ ते १९३२ या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या १५ राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५ हजार शाळा उभ्या राहिल्या. शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांची ही योजना. निधीची अट अशी होती, की स्थानिक लोकांनीही वाटा उचलायचा. हिशेब पाहिला तर रोझेनवाल्ड निधीतून सुमारे ४४ लाख डॉलर आले आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी पैसा, जमीन, लाकूड, श्रम मिळून सुमारे ४७ लाख डॉलरचा वाटा दिला. सरकारी शाळांसाठी ते कर भरतच होते, हे त्यावर वेगळं. नाव दात्याचं लागलं, पण दात्यापेक्षा जास्त त्या कुटुंबांनी दिलं.

या शाळांचे नमुना आराखडे छापलेले होते, आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहेत. बहुतेक शाळांना वीज नव्हती. म्हणून खिडक्या पूर्व किंवा पश्चिम भिंतीत, एकीला लागून एक अशा सलग पट्टीत. एका आराखड्यात इमारतीचं तोंड उत्तर-दक्षिण, तर दुसऱ्यात पूर्व-पश्चिम असं शीर्षकातच लिहिलेलं असे, म्हणजे प्लॉट कसाही असला तरी उजेड बरोबर बाजूने यावा. बाकं अशी मांडायची की उजेड मुलांच्या डाव्या हाताकडून येईल आणि लिहिणाऱ्या हाताची सावली पाटीवर पडणार नाही. आतल्या भिंतींना फिकट रंग, उजेड परतावा म्हणून. दोन वर्गांमध्ये सरकती किंवा घडीची दारं, म्हणजे ती उघडली की गावाच्या सभेसाठी एक मोठी खोली तयार.

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. पुढच्या काळात या शाळा बंद होत गेल्या. काही घरं झाल्या, काही समाजमंदिरं, काही गवताची कोठारं. थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्यांची पट्टी फळ्यांनी बुजवली गेली, लाकडी भिंतींवर प्लॅस्टिकचं आवरण आलं, छताचे पत्रे बदलले. आता एखादा संशोधक सात बाबींचा तक्ता घेऊन समोर उभा राहिला तर साहित्य गेलं, कारागिरी झाकली गेली, आराखडा दिसत नाही, म्हणून ‘अपात्र’ असा शेरा पाच मिनिटांत लिहून होतो.

तो शेरा चुकीचा असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते तपासण्याची रीत आहे. आवरणाची एक पट्टी कोपऱ्यातून सोडवून खालची फळी पाहायची. आतून भिंतीत बुजवलेल्या खिडकीच्या वरची तुळई शोधायची, कारण खिडकी काढली तरी तिच्यावरची आडवी तुळई सहसा कुणी काढत नाही. त्या तुळईची लांबी मोजली की खिडक्यांची पट्टी किती होती ते कळतं, आणि छापील आराखड्याशी ताडून पाहता येतं. जमिनीच्या फळ्यांवर सरकत्या दारांची खूण शोधायची. कपाटामागे जुना फिकट रंग सापडतो. हे काम दोन माणसांना एक दिवसाचं आहे. पण त्या एका दिवसाने निकाल फिरू शकतो.

आता मूळ मुद्दा. ही इमारत बदलली का? कारण जिल्ह्याने तिच्या डागडुजीला पैसे दिले नाहीत आणि लोकांनी परवडेल त्या साहित्याने ती टिकवली. शहरांमध्येही हेच झालं. १९३५ ते १९४० दरम्यान अमेरिकेतल्या २०० हून अधिक शहरांचे सरकारी पत-नकाशे बनले, म्हणजे कुठल्या वस्तीत कर्ज देणं किती जोखमीचं हे दाखवणारे नकाशे. त्यांत वस्त्यांना अ ते ड अशा चार श्रेणी होत्या. शेवटच्या श्रेणीचा रंग लाल. कृष्णवर्णीयांच्या जवळपास सगळ्या आणि नव्याने आलेल्या स्थलांतरितांच्या बऱ्याच वस्त्या लाल रंगात गेल्या. अशा वस्त्यांत गृहकर्ज मिळणं मुश्कील होतं, त्यामुळे मोठी दुरुस्ती होत नव्हती. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर ‘मोडकळीला आलेल्या वस्त्या’ म्हणून त्यांच्यावरच बुलडोझर फिरला. जे वाचलं ते बदललेलं. आणि आता बदललेलं आहे म्हणून अपात्र. पहिल्या अन्यायाचा परिणाम हाच दुसऱ्या नकाराचा आधार होतो. वारसा संशोधनात न्यायाचा प्रश्न कुठे बसतो, असं कुणी विचारलं तर पहिलं बोट या साखळीवर ठेवावं.

या साखळीवर उपाय नियमांतच आहे, फक्त तो वापरावा लागतो. एकेका इमारतीची स्वतंत्र फाइल करण्याऐवजी आधी संपूर्ण विषयाचा एक सामायिक संदर्भ-दस्तऐवज तयार करतात. त्यात इतिहास एकदाच सविस्तर लिहिला जातो, इमारतींचे प्रकार ठरवले जातात आणि नोंदणीसाठी किमान काय शिल्लक हवं हेही ठरवलं जातं. रोझेनवाल्ड शाळांसाठी असे दस्तऐवज झाले आहेत. याचे दोन फायदे. गावातल्या छोट्या संस्थेला पूर्ण इतिहास नव्याने लिहावा लागत नाही, आपल्या शाळेपुरती माहिती जोडली की पुरतं. आणि ‘किमान काय शिल्लक हवं’ ठरवताना लिहिता येतं, की या प्रकारच्या इमारतींत बाहेरचं आवरण बदललेलं असणं हा अपवाद नाही, तो त्यांच्या इतिहासाचाच भाग आहे; खिडक्यांची रचना आणि खोल्यांची मांडणी ओळखू येत असेल तर ती पुरेशी मानावी. ही दोन वाक्यं नीट युक्तिवादासह लिहिणं हे अशा प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं काम आहे.

कागद ज्यांच्याकडे नव्हते त्यांचा शोध

नेहमीची वाट खरेदीखतापासून सुरू होते. आजच्या मालकापासून मागे मागे जात मालकीची साखळी जोडायची. पण भाडेकरू, घरकामगार, गुलाम केलेली माणसं या साखळीत येतच नाहीत. म्हणून मालकाचं नाव मिळालं की घराचा इतिहास मिळाला, असं समजणं ही या कामातली सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. मालक कदाचित त्या घरात एक रात्रही राहिलेला नसतो.

जनगणना इथे उपयोगी पडते, पण तिच्या मर्यादा माहीत हव्यात. अमेरिकेत १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. तिच्यात मालकाचं नाव आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण. माणसांची नावं जवळपास नाहीतच. सगळ्यांची नावं पहिल्यांदा १८७० मध्ये येतात. म्हणून कुटुंबाचा माग काढणाऱ्याला १८७० ही भिंत लागते. ती ओलांडायची तर मालकाचं मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, गहाणखत अशा कागदांत शोधावं लागतं, कारण माणसं तिथे मालमत्ता म्हणून नोंदलेली आहेत. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीत खराब झाली, आणि उरलेले कागद पुढे सरकारनेच नष्ट केल्याने ती जवळजवळ पूर्ण गेली. आणि वैयक्तिक नोंदी ७२ वर्षं बंद असतात. १९५० च्या नोंदी २०२२ मध्ये खुल्या झाल्या. १९३० आणि १९४० च्या तक्त्यात घर मालकीचं की भाड्याचं आणि भाडं किती, हा रकाना आहे. भाडेकरूंच्या इतिहासासाठी त्याच्याइतकं सरळ साधन दुसरं नाही. १९४० मध्ये माहिती देणाऱ्या माणसाच्या नावापुढे वर्तुळात फुलीची खूण केलेली असते. ती खूण घरातल्या कुणापुढेच नसेल तर माहिती शेजाऱ्याने दिली असण्याची शक्यता धरायची आणि वय, जन्मस्थळ यांवर फार विसंबायचं नाही.

आगीच्या विम्यासाठी काढलेले सॅनबोर्न नकाशे हे दुसरं साधन. एका इंचाला ५० फूट हे त्यांचं नेहमीचं प्रमाण. गुलाबी म्हणजे विटांचं बांधकाम, पिवळं म्हणजे लाकडाचं, निळं म्हणजे दगडाचं, करडं म्हणजे धातूचं. मजले, छताचा प्रकार, खिडक्या, कशासाठी वापर, सगळं खुणांनी दिलेलं. बदल झाला की नव्या कागदाचा तुकडा जुन्यावर चिकटवत, म्हणून नकाशाच्या मथळ्यावरचं वर्ष आणि चिकटवलेल्या तुकड्याचं वर्ष वेगळं असू शकतं. हे लक्षात न घेतल्याने दहा-पंधरा वर्षांची चूक सहज होते. त्याहून महत्त्वाचं असं, की नकाशा विमा कंपन्यांसाठी होता. जिथे विमा विकायचा नव्हता त्या वस्त्या कडेला अर्धवट सोडलेल्या किंवा ‘झोपड्या’ असा एकच शब्द लिहून संपवलेल्या दिसतात. तिथे नकाशा कोरा आहे म्हणून वस्ती नव्हती असा निष्कर्ष काढणं हा अन्याय तर आहेच, शिवाय ते कच्चं संशोधन आहे. कोऱ्या भागासाठी हवाई छायाचित्रं, पाणीपट्टीच्या नोंदी, चर्चच्या वह्या, त्या समाजाची स्वतःची वर्तमानपत्रं पाहावी लागतात.

इमारत स्वतःही बोलते. चारही बाजूंनी निमुळता होत गेलेला खिळा हाताने घडवलेला. दोनच बाजूंनी निमुळता, कापीव खिळा साधारण १७९० नंतरचा. गोल तारेचा खिळा १८९० च्या पुढे सर्रास. मात्र खिळ्यावरून ‘या वर्षाच्या आधीचं नाही’ एवढंच म्हणता येतं. गरीब घरात जुनं लाकूड आणि जुने खिळे पुन्हा वापरलेले असतात, म्हणून एकाच खोलीतले आठ-दहा नमुने घेतल्याशिवाय तारीख लिहू नये.

आठवणींची नोंद

कागद अपुरे पडतात तिथे मुलाखत घ्यावी लागते. ती गप्पांसारखी वाटली तरी तिची शिस्त आहे. मुलाखतीआधी माणसाला कळायला हवं, की नोंद कशासाठी, कुठे ठेवली जाणार, कोण ऐकू शकणार, आणि नंतर एखादा भाग वगळायचा असेल तर काय करायचं. हे लेखी संमतीपत्रात यावं, पण आधी तोंडी समजावून. रेकॉर्डिंग न दाबलेल्या, म्हणजे आकार लहान करण्यासाठी तपशील न गाळलेल्या, वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करावं. फोनवरच्या दाबलेल्या फाइलमधले गेलेले तपशील परत मिळत नाहीत. फ्रीज, पंखा बंद ठेवावा. एक तासाचं रेकॉर्डिंग हाताने उतरवायला सहा ते आठ तास लागतात. अंदाजपत्रक करताना हा वेळ धरला जात नाही, आणि मग शंभर मुलाखती नुसत्या हार्ड डिस्कवर पडून राहतात. फाइलच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

प्रश्न असा विचारावा की उत्तर जागेला धरून येईल. ‘तुमच्या वस्तीचं महत्त्व काय?’ याला लोक भाषणासारखं उत्तर देतात. त्यापेक्षा ‘सकाळी दारातून बाहेर पडल्यावर नळापर्यंत कसं जायचं?’ असं विचारलं की वाट, उंबरे, दुकानं, कुणाच्या अंगणातून जायची परवानगी होती आणि कुणाच्या नव्हती, सगळं क्रमाने येतं. सोबत कोरा कागद ठेवावा आणि माणसालाच नकाशा काढू द्यावा. तारखा चुकतात, त्याने बिघडत नाही. घराच्या जागा सहसा चुकत नाहीत. चार जणांचे नकाशे एकमेकांवर ठेवून पाहिले की ताळा होतो.

केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत अशा नकाशाला फार मोठा अर्थ आला. फेब्रुवारी १९६६ मध्ये वर्णद्वेषी सरकारने तो भाग गोऱ्यांसाठी राखीव जाहीर केला. पुढच्या वर्षांत ६० हजारांहून अधिक लोकांना बाहेर काढलं आणि प्रार्थनास्थळं सोडून बहुतेक घरं पाडली. १९९४ मध्ये तिथल्याच एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये संग्रहालय उघडलं. जमिनीवर वस्तीच्या रस्त्यांचा मोठा नकाशा अंथरला होता, आणि परत आलेले रहिवासी गुडघ्यांवर बसून आपल्या घराच्या जागी नाव लिहीत. पाडकामावरच्या एका माणसाने रस्त्यांच्या निळ्या-पांढऱ्या पाट्या जपून ठेवल्या होत्या, त्याही तिथे लागल्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत जमीन परताव्याचा कायदा झाला. १९ जून १९१३ नंतर वर्णद्वेषी कायद्यांमुळे ज्यांची जमीन गेली त्यांना दावा करता येणार होता. त्या कायद्यात ‘जमिनीवरचा हक्क’ याची व्याख्या रुंद होती: नोंद नसलेला हक्क आणि सलग दहा वर्षांचा उपभोगही त्यात आला. म्हणजे खरेदीखत नसलेल्या माणसालाही कायद्यात उभं राहायला जागा मिळाली. अशा व्यवस्थेत कोण, कुठे, किती वर्षं राहिलं हा तपशील हक्क मागण्याचा आधार होतो. आपण घेतलेली मुलाखत उद्या दाव्याला जोडली जाऊ शकते, हे लक्षात ठेवून पत्ते, वर्षं, शेजाऱ्यांची नावं स्पष्ट उच्चारून घ्यावीत.

प्रश्न कुणी ठरवायचे

१९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये केंद्र सरकारच्या बहुमजली कचेरीचा पाया खोदताना मानवी सांगाडे निघाले. ती जागा आफ्रिकी लोकांची जुनी दफनभूमी होती, साधारण १६९० पासून १७९४ पर्यंत वापरातली. हे अगदीच अनपेक्षित नव्हतं. १७५५ च्या नकाशावर ती दफनभूमी नावानिशी दाखवलेली आहे. बांधकामाआधीच्या अहवालात गृहीत धरलं होतं, की एकोणिसाव्या शतकातल्या तळघरांनी सगळं नष्ट झालं असणार. पण तो भाग मुळात सखल होता आणि शहर वाढताना त्यावर मोठा भराव पडला होता. तळघरं भरावातच संपली होती, थडगी त्याच्याही खाली शाबूत होती. नकाशा हातात असूनही जमिनीची जुनी पातळी न तपासल्याने काय होतं, याचं हे उदाहरण.

पुढे घडलं ते जास्त महत्त्वाचं. खोदकाम घाईने चालू राहिलं, तेव्हा शहरातल्या आफ्रिकी-अमेरिकी लोकांनी जोरदार विरोध केला. १९९२ मध्ये काम थांबलं. ४१९ व्यक्तींचे अवशेष अभ्यासासाठी हॉवर्ड विद्यापीठात गेले आणि मायकेल ब्लेकी या मानवशास्त्रज्ञाने सूत्रं घेतली. त्याने वंशज समाजाला ‘ज्यांच्याप्रती नैतिक बांधिलकी आहे तो पक्ष’ मानलं. पैसे देणारं खातं वेगळं आणि हा पक्ष वेगळा. संशोधनाचे प्रश्न जाहीर सभांमधून पक्के झाले. लोकांना जाणून घ्यायचं होतं, की ही माणसं मूळची कुठली, त्यांची शारीरिक अवस्था कशी होती, नव्या भूमीत त्यांची ओळख कशी बदलली आणि त्यांनी प्रतिकार कसा केला. नुसतं हाडं मोजून वंश ठरवण्याच्या जुन्या रीतीपेक्षा हे प्रश्न अवघड होते आणि त्यांना उत्तरं द्यायला जनुकीय तपासणी, दातांतल्या रसायनांचा अभ्यास, आफ्रिकेचा इतिहास, सगळं एकत्र आणावं लागलं. म्हणजे लोकांना विचारल्याने संशोधन सैल झालं नाही, उलट जास्त कसदार झालं. २००३ मध्ये सगळे अवशेष सन्मानाने पुन्हा त्याच जागी पुरले गेले आणि २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली.

तिथल्या एका शवपेटीच्या झाकणावर खिळ्यांची हृदयासारखी आकृती सापडली होती. ती पश्चिम आफ्रिकेतल्या ‘सांकोफा’ या चिन्हाची आहे, असा अर्थ लावला गेला आणि तो स्मारकाचा भाग झाला. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी शंका घेतली, कारण त्या काळच्या युरोपीय शवपेट्यांवरही तशी आकृती मिळते. हा वाद होणं योग्यच आहे. समाजाला प्रिय असलेला अर्थही त्याच कसोटीला लावावा लागतो. फक्त तो वाद समाजासमोर, त्यांना पुरावे दाखवून व्हायला हवा.

सहभाग खरा की नावापुरता, हे ओळखायला शेरी आर्नस्टाइन हिने १९६९ मध्ये मांडलेली आठ पायऱ्यांची शिडी अजूनही कामाला येते. खालच्या दोन पायऱ्यांवर लोकांची नुसती समजूत काढली जाते. मधल्या तीनवर माहिती दिली जाते, मत विचारलं जातं. वरच्या तीनवर निर्णयात वाटा असतो. सोपी परीक्षा अशी: सभेनंतर आराखड्यातला एक तरी मुद्दा बदलला का? अंदाजपत्रकात वंशजांच्या वेळेचे पैसे आहेत का?

पाटी लागल्यानंतर

नोंदणी झाली की भाडं वाढतं आणि जुने रहिवासी जातात, ही भीती सर्वत्र असते. ती खरी की खोटी हे सरसकट सांगता येत नाही. मोजावं लागतं, आणि मोजताना घसरायला बरीच जागा आहे. नोंद झालेल्या वस्तीत भाडं वाढलं, एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण पुष्कळदा भाव चढू लागलेल्या वस्त्यांचीच नोंद होते. म्हणून नोंदणीआधीची किमान दहा वर्षं पाहायची आणि तेव्हा तशाच असलेल्या, पण नोंद न झालेल्या वस्तीशी तुलना करायची. सरासरी भाडं फसवं असतं, ते नव्याने आलेल्यांमुळे वर जातं. जुन्या भाडेकरूंपैकी किती टिकले, हा आकडा वेगळा काढावा. जनगणनेच्या विभागांच्या हद्दी दर दशकाला बदलतात, त्या जुळवल्याशिवाय तक्ता मांडू नये.

कायद्याचीही एक बाजू आहे. अमेरिकेत खासगी मालकाने लेखी हरकत घेतली तर राष्ट्रीय नोंद थांबते. भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहत असला तरी त्याच्या हरकतीला ते वजन नाही. नोंद झालेली उत्पन्न देणारी इमारत नियमानुसार दुरुस्त केली तर खर्चाच्या २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते. स्वतःच्या नोंदणीकृत घरात राहणाऱ्या गरीब मालकाला ती मिळत नाही.

आणि त्यालाच दुरुस्तीचे नियम सर्वांत जड जातात. जुन्या मऊ विटांच्या भिंतीत विटांमधले सांधे सिमेंटने भरले तर ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ती विटेतून बाहेर येते आणि विटेचा चेहरा सोलवटून पडतो. म्हणून चुन्याचाच वापर हवा: साधारण एक भाग चुना, तीन भाग वाळू, सांधा त्याच्या रुंदीच्या दोन ते अडीचपट खोल हाताने खरवडायचा, आणि भरल्यावर काही दिवस ओलसर ठेवायचा. हे बरोबर आहे, पण सिमेंटपेक्षा महाग आहे आणि माहीतगार गवंडी लागतो. नियम लादून पैसा न देणारी संस्था मग दंडाच्या नोटिसा पाठवत बसते आणि घर विकलं जातं. अशा वस्तीचं संशोधन करताना प्रत्येक घराच्या दुरुस्तीचा अंदाजित खर्च आणि तिथल्या कुटुंबाचं उत्पन्न शेजारी शेजारी मांडलेला तक्ता अहवालातच जोडावा. तो पाहिल्याशिवाय नियम ठरवू नयेत.

इटलीतल्या बोलोन्याने १९७३ मध्ये हे उलट्या बाजूने करून पाहिलं. आधी जुन्या गाभ्यातल्या घरांच्या प्रकारांचा तपशीलवार अभ्यास केला: कुठल्या प्रकारच्या घरात किती खोल्या, कुठे जिना, काय बदललं तर चालेल. मग सार्वजनिक घरबांधणीचा पैसा शहराबाहेर नव्या इमारतींना न देता या जुन्या घरांच्या दुरुस्तीकडे वळवला. सुरुवातीला घरं ताब्यात घेण्याचा विचार होता. मालकांचा विरोध झाल्यावर महापालिकेने करार केले: दुरुस्तीला मदत घ्या आणि त्या बदल्यात भाडं मर्यादेत ठेवा. घरांच्या प्रकारांचा अभ्यास, एरवी ग्रंथालयात राहिला असता तो, भाडेकरार लिहिण्याच्या कामी आला.

संशोधन पूर्ण झालं की फाइलची एक प्रत सरकारी दप्तरात जाते. दुसरी प्रत ज्यांच्याबद्दल ती आहे त्यांच्याकडे, त्यांना वाचता येईल अशा भाषेत, रेकॉर्डिंगसह आणि मूळ छायाचित्रं परत करून द्यायची असते. हे काम कराराच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवावं, शेवटचा हप्ता त्याच्यावर अडकवावा, आणि कोणती मुलाखत कुणाला ऐकायला खुली आहे त्याची यादी त्याच पाकिटात ठेवावी.